उदासीन सर

चोपड्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे आमचे सर कधी कुणाची बाजू घेत नसत. स्टाफरूममध्ये दोन गट होते. एक खिडकीकडे बसायचा, एक कपाटाकडे. सर डबा उचलून प्रयोगशाळेत जायचे आणि बेसिनजवळच्या स्टुलावर एकटेच जेवायचे. जे द्रावण आम्लही नाही आणि आम्लारीही नाही, त्याला पुस्तकात उदासीन म्हणतात. आम्ही बारावीच्या मुलींनी सरांना तेच नाव पाडलं. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "चुकीचं नाही."

शिकवताना मात्र ते वेगळेच असत. "क्षार म्हटला की उदासीन, असं ठोकून देऊ नका. क्षाराला आईबाप असतात. एक आम्ल, एक आम्लारी. दोघांत जो जबर, त्याचा स्वभाव पाण्यात उतरतो. दोघं तोडीस तोड असले तरच पाणी उदासीन." मग हळद लावलेल्या कागदावर ते पापडखाराचं पाणी टाकायचे. कागद लाल झाला की आमच्याआधी त्यांनाच आनंद व्हायचा.

प्रात्यक्षिक परीक्षेत मला सोडियम क्लोराईडची, म्हणजे साध्या मिठाची बाटली आली. निळा लिटमस बुडवला तर तो लाल झाला. दिसलं ते लिहिलं. विभागप्रमुखांनी पेपर पाहिला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मिठाचं पाणी आम्लधर्मी? लिटमस बुडवलास तरी का?"

"बुडवला सर. लाल झाला."

"खोटं बोलू नकोस." त्यांनी शून्य दिलं. माझं रडू आवरेना.

सर कोपऱ्यात ब्युरेट धूत होते. हात पुसत आले, नवा लिटमस बुडवला. लाल. मग थोडं द्रावण परीक्षानळीत घेऊन त्यात कॉस्टिक सोडा घातला आणि नळी ज्योतीवर धरली. अमोनियाचा भपकारा आला.

"हा नवसागर आहे, अमोनियम क्लोराईड. यात आम्ल जबर. बाटली चुकीची भरली गेलीय. मुलीचं उत्तर बरोबर आहे."

बाटल्या सकाळी प्रमुखांनीच भरल्या होत्या. "आपण नंतर बोलू," ते म्हणाले.

"नंतर नको. गुण आत्ता द्या." सरांनी पेपर त्यांच्यापुढे सरकवला.

गुण मिळाले. प्रमुखांच्या गटाने सरांशी बोलणं टाकलं. दुसऱ्या गटाने त्यांना आपल्यात ओढायला पाहिलं. ते गेले नाहीत, तेव्हा त्यांनीही टाकलं. उन्हाळ्यात संस्थेने त्यांना धुळ्याला पाठवलं. मी आणि माझे वडील, आबा, केळीची फणी घेऊन त्यांच्या खोलीवर निरोपाला गेलो. एक ट्रंक, एक वळकटी, एक स्टोव्ह. आबांनी मला हळूच अहिराणीत विचारलं, "सर एकलाच शे का?"

पुढे मीही रसायनशास्त्रच घेतलं, शिकवायला लागले. नोकरी लागल्यावर धुळ्याला सरांना भेटायला गेले. ते निवृत्त झाले होते. केस पिकलेले, खोली तशीच, भांडी एकाच माणसाची. चहासाठी त्यांनी शेजारून कप मागून आणला. मी विचारलं, "माझ्यामुळे त्रास झाला ना, सर?"

"छे! तेवढा एक दिवस मी बरा वागलो." कप माझ्याकडे सरकवत म्हणाले, "पण फार गप्प गेली गं नंतरची वर्षं."

मी घड्याळ पाहिलं, पिशवी उचलली. ते दारात उभे राहिले.

"ही बस जाऊ दे ना. तासाभरात दुसरी आहे."

मी पिशवी खाली ठेवली. त्यांनी पुन्हा स्टोव्ह पेटवला.