गाडीला हात लावायचा नाही

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी एक जुनी गाडी घेतली आणि त्यानंतरची दोन-तीन वर्षं मी सहन होण्यासारखी बाई नव्हते. सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीतला एक अधिकारी नोकरी सोडून आपल्या गावी परत चालला होता, त्याची ही गाडी. मी मुलींच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. नवरा सरकारी कचेरीत होता. गाडी शिकायला म्हणून तो एकदाच बसला, शेजाऱ्यांच्या मेंदीच्या कुंपणात ती घातली आणि शांतपणे खाली उतरला.

“तूच चालव,” म्हणाला, “मी बाजूला बसून रस्ता बघतो.”

पुढे आयुष्यभर त्याने तेच केलं, आणि फार चांगलं केलं.

खाणीत राहून गाडी काळवंडली होती. जरीपटक्यातल्या एका रंगाऱ्याकडून मी ती सायीच्या रंगाची करून घेतली. ते आठ दिवस कॉलेज सुटलं की मी थेट त्याच्याकडे जाऊन स्टुलावर बसत असे. शेवटी तो हात जोडून म्हणाला, “बहनजी, आप देखती रहोगी तो जल्दी नहीं सूखेगा.” घरी देवापुढे दिवा लावायला मला वेळ होत नसे, पण रोज सकाळी मलमलच्या कपड्याने गाडी पुसायला होत असे. नवऱ्याच्या शर्टाचं बटण महिनाभर तुटलेलं होतं, हेही इथे सांगून टाकते. तो स्वतः लावायला शिकला.

आमचा पेट्रोल पंप कामठी रोडवर. तिथे पेट्रोल भरायला पन्नाशीचा एक माणूस होता, मूळचा पारशिवनीकडचा. त्याचं गाडीशी वागणं हे म्हशीशी वागावं तसं होतं. आला की आधी तिच्या पाठीवर एक थाप. मग टाकीचं झाकण काढून ते टपावर आपटायचं. मग टाकीत नळी खुपसून, कमरेच्या पट्ट्याचं बक्कल माझ्या सायीच्या रंगाला टेकवून, मागच्या स्कूटरवाल्याशी राजकारणावर बोलायचं. नळी बाहेर काढताना तो अशी झटकत असे की चार थेंब मडगार्डवर पडलेच पाहिजेत. ते तो ज्या फडक्याने पुसायचा, त्याने सकाळपासून ट्रकच पुसलेले असत.

दुसऱ्याच खेपेला नव्या रंगावर एक फिकट ओघळ उमटला. मी म्हटलं, “भाऊ, जरा सांभाळून. आणि टेकू नका.”

“काहून?” तो म्हणाला. “लाजाळू आहे का तुमची गाडी?”

लाजाळूवर मी वर्गात पाऊण तास बोलू शकत असे. तिथे मी पैसे मोजून गाडीत जाऊन बसले.

पुढच्या वेळी मी घरून जुन्या फ्लॅनेलचा मोठा तुकडा नेला, मधोमध गोल भोक पाडून. टाकीच्या तोंडाभोवती तो नीट अंथरला, कडा सारख्या केल्या आणि बाजूला झाले. तो नळी हातात धरून बघत राहिला.

“मॅडम,” शेवटी तो म्हणाला, “आपण पेट्रोल भरून राहिलो, का गाडीचं बाळंतपण करून राहिलो?”

अख्खा पंप हसला. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो हसत नव्हता. तो हसू दाबत होता, आणि ते जास्त वाईट होतं. कामठी येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

त्यानंतर मी ठरवलं की आपल्या गाडीला या माणसाचा हातच लागू द्यायचा नाही. पेट्रोल मी स्वतः भरणार. पंधरा दिवसांनी पंपावर गेले, खाली उतरले आणि हात पुढे केला. “नळी द्या इकडे.”

“तुमाले?”

“हो. मला.”

त्याने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने आभाळाकडे पाहिलं. “घ्या,” तो म्हणाला. “पण आवाजाकडे ध्यान ठेवा, मॅडम. टाकी भरत आली का तिचा आवाज बदलते.”

माझं ध्यान आवाजाकडे नव्हतं, रंगाकडे होतं. टाकीचा आवाज बारीक झाला तो त्याला ऐकू आला, मला नाही. “सोडा, सोडा!” तो ओरडला. मी घाबरून खटका सोडण्याऐवजी आणखी घट्ट दाबला. पेट्रोल उसळून वर आलं. मडगार्ड, माझी साडी, चपला सगळं भिजलं. शिवाय मदतीला म्हणून पुढे आलेल्या नवऱ्याची पँटही.

रांगेतल्या एका ट्रकवाल्याच्या तोंडात विडी होती. पंपावरच्या माणसाने माझ्या हातातली नळी हिसकली, तीन ढांगांत ट्रकपाशी गेला, ती विडी त्या माणसाच्या ओठांतून उपटली आणि वाळूच्या बादलीत खुपसली. येताना पाण्याच्या दोन बादल्या घेऊन आला.

“गाडीवर टाका!” मी किंचाळले. “आधी गाडीवर, रंग जाईल!”

त्याने पहिली बादली माझ्या अंगावर ओतली. खांद्यापासून पायापर्यंत. दुसरी नवऱ्याच्या पँटवर. मग तिसरी आणायला गेला.

“गाडी पुन्हा रंगवता येते, मॅडम,” परत येऊन तो म्हणाला. आता तो चिडला होता. “तुमाले मी कुठून रंगवून आणू?”

मी ओल्या साडीत उभी होते. वर्गात प्रॅक्टिकलला निष्काळजीपणा केला म्हणून मी मुलींना ज्या आवाजात झापत असे, त्याच आवाजात त्याने मला झापलं होतं. मला रडू आलं. ते गाडीसाठी आलं असं मी नवऱ्याला सांगितलं. त्याने ते खरं मानल्यासारखं केलं.

लाजेने दोन महिने मी दुसऱ्या पंपावर जात होते. मग एका दुपारी टाकी तळाला गेली आणि जवळ तोच पंप होता. झाकण काढून आपल्या खिशात ठेवलं. नळी काढताना तिच्याखाली डावा तळहात धरला, थेंब हातावर घेतले आणि पँटला पुसले. पट्ट्याचं बक्कल त्याने पाठीमागे फिरवून घेतलं होतं. आमच्यात मैत्री झाली असं म्हणवत नाही. मी त्याच्या हाती गाडी देऊन आत बसून राहू लागले, एवढंच.

पुढच्या उन्हाळ्यात एकदा तो माझ्या गाडीत पेट्रोल भरत असताना ऑफिसातून कोणीतरी त्याला हाक मारली. पारशिवनीहून फोन होता. त्याच्या मुलीला मुलगा झाला होता. बाहेर येऊन त्याने तीनदा तेच सांगितलं, दोनदा मला आणि एकदा पंपाला. पुढची बस संध्याकाळी होती.

“बसा,” मी म्हटलं. “मी सोडते.”

“नाही, मॅडम.”

“अहो, बसा. संकोच कसला?”

“संकोच नाही जी. मले गाडीत ओकारी येते. वीस वर्षं पेट्रोल भरून राहिलो, पण बसलो का पोटात ढवळते.”

मला वाटलं, माझ्या गाडीला जपायचं म्हणून सांगतो आहे. मी मोठ्या मनाने दार उघडलं. तो देवाचं नाव घेऊन बसला.

कन्हानचा पूल ओलांडेपर्यंत तो नातवाबद्दल बोलत होता. मग त्याने खिडकीतून मान बाहेर काढली, आणि पारशिवनी येईपर्यंत ती बहुतेक बाहेरच होती.

त्याच्या मुलीच्या घरासमोर मी गाडी थांबवली. तो पांढराफटक होऊन उतरला, गाडीची बाजू पाहिली आणि गळ्यातला रुमाल काढून पुसायला वाकला.

“आत जा तुम्ही,” मी म्हटलं. “नातू बघा.”

तो गेला. मी त्यांच्या अंगणातल्या रांजणातलं पाणी घेऊन दार धुतलं. ओकारीने रंग जातो का, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. जातो. उन्हात वाळली तर फारच.