पिशवीसकट वजन

माझी पहिली नेमणूक वेल्ह्याकडच्या एका आरोग्य केंद्रात झाली. घर भोरला, वडील कचेरीत, त्यामुळे आकडेमोड घरातलीच. नर्सिंगला औषधाच्या मात्रा काढायच्या गणितात मला पैकीच्या पैकी मार्क होते, आणि ही गोष्ट मी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना सांगून टाकली होती. तिथल्या मोठ्या सिस्टर किकवीहून स्कूटीवर यायच्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, "बरं झालं" म्हणाल्या आणि मला गॉजच्या घड्या करायला बसवलं.

एके दिवशी सकाळी गुंजवण्याकडून एक आजी सुनेला आणि दीड वर्षाच्या नातवाला घेऊन आल्या. पोरगं तापानं लाल झालं होतं. डॉक्टरांनी तपासून केसपेपरवर तापाचं पातळ औषध लिहिलं आणि पुढे 'वजनाप्रमाणे' एवढंच. मोठ्या सिस्टर आत ड्रेसिंग करत होत्या. म्हणजे मात्रा मी काढायची. मला आनंदच झाला.

पोराला काट्यावर उभं केलं की ते पाय वर घ्यायचं, बसवलं की आडवं पडायचं. मग मी पुस्तकातला उपाय काढला. आईनं पोराला घेऊन उभं राहायचं, नंतर एकटीनं, आणि वजाबाकी करायची. सुनेनं मागच्या रांगेकडं बघितलं.

"मी न्हाई बाई. समदी बघत्यात."

"आण हिकडं," आजी म्हणाल्या आणि नातवाला घेऊन काट्यावर चढल्या. सदुसष्ट. मी वहीत लिहिलं. "आता बाळाला त्यांच्याकडं द्या." आजी पुन्हा एकट्या चढल्या. बावन्न. म्हणजे पोरगं पंधरा किलोचं. किलोला पंधरा मिलिग्रॅम, तर सव्वादोनशे. बाटलीत पाच मिलीला सव्वाशे. उत्तर नऊ मिली. तोंडी! औषध मापात ओतून मी ऐटीत मोठ्या सिस्टरना दाखवायला नेलं.

त्यांनी माप बघितलं, दारातून पोराकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"हे पंधरा किलोचं आहे?"

"हो. वजाबाकी दोनदा तपासली."

"वजाबाकी नको तपासू. पोराला उचलून बघ."

उचललं. हलकं होतं. तेवढ्यात भिंतीला टेकवलेली कापडी पिशवी दिसली आणि माझे कान तापले. तिच्यात आजींनी लेकीकडं न्यायला घेतलेले तांदूळ होते. पहिल्या वेळी आजींच्या खांद्याला ती होती. नातवाला सुनेकडं देताना त्यांनी खांदाही मोकळा करून घेतला होता, आणि मी वहीत डोकं घालून बसले होते.

"आजी, पुन्हा चढायला लागतंय. पिशवी खालीच राहू द्या."

"आता न्हाई ठिवायची. मगाशी ठिवली तर कुत्रं हुंगून गेलं."

"अहो, पण वजन चुकतंय त्यानं."

"कसं चुकतंय?" आजी चिडल्या. "पिशवी दोन्ही बारीला खांद्यालाच ऱ्हाऊ दे की. मंग वाढंल त्ये पोराचं. तू एकदा धरतीस आन् एकदा सोडतीस, म्हनून चुकतंय."

मोठ्या सिस्टर तोंडाला रुमाल लावून आत गेल्या. आजी पिशवीसकट चढल्या. सत्तावन्न. पिशवी आणि नातवासकट सदुसष्ट. दहा किलो. दीडशे मिलिग्रॅम, सहा मिली. मी जास्तीचं औषध टाकून दिलं, माप डोळ्यांसमोर धरून नव्यानं ओतलं आणि सिस्टरना पुन्हा दाखवलं. "आता दे," त्या म्हणाल्या. मी ते पोराला पाजलं. मघाशी चूक पोटात जायला एका घोटाचाच अवकाश होता.

तासाभरात ताप उतरला आणि पोरगं बाकाखाली शिरून कुणाची तरी चप्पल चावू लागलं. मी सुनेला बाटली दिली.

"ताप असेल तरच द्यायचं. सहा-सहा तासांनी, सहा मिली."

आजींनी मान डोलावली. "सहा तासांनी सहा. मंजी तीन तासांनी दिलं, तर तीन?"

गणित बिनचूक होतं आणि मला घाम फुटला.

"नाही नाही! तीन तासांनी काहीच नाही!"

मग मी मापावर सहाच्या रेघेला पेननं जाड खूण केली, सुनेकडून सगळं तीनदा म्हणवून घेतलं आणि आजींना हात जोडून सांगितलं, की एवढं औषध सोडून बाकी सगळे हिशेब तुम्हीच करा.