पोस्टानं आलेलं नेटवर्किंग

अंजना कुरणेचा एसटीडी बूथ कळंब्याच्या फाट्यावर होता. लहानपणी पोलिओनं तिचे दोन्ही पाय लुळे केले होते. अपंगांच्या कोट्यातून बूथ मिळाला तेव्हा ती बावीस वर्षांची होती. वडील यल्लाप्पा गवंडीकाम करायचे. त्यांनी बूथला पायरी ठेवलीच नाही. रस्त्यापासून टेबलापर्यंत सिमेंटचा उतार करून दिला, म्हणजे लेकीची तीनचाकी सायकल थेट आत जावी.

सहा वर्षं बरी चालली. मग दोन हजार सालच्या सुमारास अंजनाच्या लक्षात यायला लागलं की साखर कारखान्यातले साहेब लोक आता बूथमध्ये येत नाहीत, त्यांच्या खिशात मोबाईल वाजतो. आज साहेबांकडं आहे, उद्या गवळ्याकडं येईल, हे तिनं ओळखलं. डेअरीतले विजयसिंहकाका दर रविवारी बंगलोरला मुलाला फोन लावायचे. एकदा बोलणं संपल्यावर तिनं विचारलं,

"काका, तुमचा पोरगा नेमकं काय करतोय वो तिकडं?"

"नेटवर्किंग म्हणतोय. हाफिसातली सगळी कंपुटर एकमेकास्नी जोडायची आणि चालती ठेवायची. दिवसभर खुर्चीत बसून काम हाय बघ."

खुर्चीत बसून काम. तेवढंच वाक्य अंजनाच्या मनात रुतून बसलं.

भाऊ प्रसेनजीत शिरोलीच्या फौंड्रीत कामाला होता. सुट्टीच्या दिवशी तो तिला शहरात, राजारामपुरीतल्या नेटवर्किंगच्या एका क्लासला घेऊन गेला. क्लास तिसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट नव्हती. पायांना कॅलिपर, काखेत कुबड्या, मागून भावाचा आधार, अशी ती पाऊण तासानं वर पोचली. टेबलामागच्या बाईंनी तिला आधी पाणी दिलं आणि मग हळूच विचारलं, "रोज जमेल का ताई?"

"जमंल की," अंजना म्हणाली. पण खाली उतरताना तिच्या काखा सोलून निघाल्या, आणि हे वर्षभर रोज होणार नाही हे दोघांनाही कळून चुकलं.

घरबसल्या शिकवणाऱ्या संस्थांच्या जाहिराती पेपरात यायच्या. अंजनानं तीन ठिकाणी पत्रं टाकून माहितीपत्रकं मागवली, आणि फोन तर तिच्या हाताशीच होता. पुस्तकं कुठली, शंका कुणाला विचारायची, सोडवलेले पेपर कोण तपासणार, परीक्षा कुणाची, असं प्रत्येकाला खोदून खोदून विचारलं. एका संस्थेचा माणूस नुसताच नोकरीची हमी देत सुटला. तिनं त्याचं पत्रक बाजूला ठेवलं. पुण्याची एक संस्था पेपर तपासून परत पाठवणार होती आणि खऱ्या यंत्रांऐवजी सराव करायला सीडी देणार होती. ती तिनं निवडली.

यल्लाप्पांना काही ते पटलं नाही. "हाताला धरून दाखवणारा उस्ताद नसताना कोण गवंडी झालाय मला दाखव," ते म्हणाले.

"आबा, उस्ताद तिसऱ्या मजल्यावर बसलाय. मी काय करू?"



पुस्तकं इंग्रजीत होती आणि अंजनाचं शिक्षण बारावी, तेही मराठीतून. पहिलं पान संपायला तीन दिवस लागले. प्रसेनजीतनं जुना संगणक आणून बूथमध्ये बसवला. गिऱ्हाईक आत बोलत असायचं तेव्हा ती रद्दी कागदांवर शून्य आणि एकच्या रांगा मांडायची. केबलमधल्या आठ तारांचा रंगक्रम पाठ केला, आणि मग तारेची बोटभर टोकं कापून डोळे मिटून जोडण्याचा सराव केला. पुण्याहून पेपर तपासून यायचे. लाल शाईत शेरा असायचा आणि खाली नुसती आद्याक्षरं. एकदा शेरा आला, 'तुमची मांडणी वर्गातल्या मुलांपेक्षा स्वच्छ आहे.' ते पान तिनं कुणाला दाखवलं नाही, पण कितीतरी दिवस पुन्हा पुन्हा काढून वाचलं.

असं अडीच वर्षं चाललं. दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात शेवटचं पुस्तक संपलं आणि तिनं तारीख घ्यायला पुण्याच्या परीक्षा केंद्रावर फोन लावला.

"ही परीक्षा मागच्या महिन्यात बंद झाली मॅडम," पलीकडचा मुलगा म्हणाला. "आता नवीन आली आहे. अभ्यासक्रम बराच बदललाय."

तिनं संस्थेला फोन केला. तिथल्या मुलीनं नवीन पुस्तकांचा संच मिळेल म्हणून सांगितलं. जुनं बंद होणार हे आधी का कळवलं नाही, असं विचारल्यावर ती मुलगी म्हणाली, "क्लासमधल्यांना सरांनी सांगितलं होतं. पोस्टाच्या विद्यार्थ्यांचं कुणाच्या लक्षात आलं नसेल."

अंजनानं रिसीव्हर ठेवला. दुपारभर गिऱ्हाईकांना नंबर लावून दिले. त्यातले दोन चुकीचे लागले. आजवर तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

नवी पुस्तकं घेऊन तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुढच्या फेब्रुवारीत पुण्याला जाऊन परीक्षा दिली आणि पास झाली. प्रमाणपत्र घरी आलं. हे तंत्र सारखं बदलतं म्हणून त्याची मुदत तीनच वर्षांची होती. यल्लाप्पांनी ते दोन्ही हातांनी धरलं, वाचता येत नसतानाही खालीवर बघितलं, आणि पेढे आणायला स्वतः गेले.

त्यानंतर तिनं अर्ज पाठवले. बहुतेकांचं उत्तरच आलं नाही. कुणी फोनवर विचारायचं, प्रत्यक्ष यंत्रांवर लॅब कुठं केली? घरी, म्हटलं की पुढचा प्रश्न यायचा नाही. शेवटी एका कारखान्यानं मुलाखतीला बोलावलं. प्रसेनजीतला रजा मिळाली नाही, म्हणून यल्लाप्पा रिक्षातून बरोबर गेले. ऑफिसला सहा पायऱ्या होत्या. साहेब भला माणूस होता, तो स्वतः खाली आला. गेटजवळच्या खोलीत बसून त्यानं अर्धा तास प्रश्न विचारले आणि तिनं सगळ्यांची उत्तरं दिली.

"तुम्हाला येतं सगळं," तो म्हणाला. "पण आमच्याकडं यंत्रं भिंतीवर उंच बसवलेली आहेत. छतातून केबल ओढायची, शिडी चढायची. एकट्या माणसाचं काम आहे हे."

"मी खालून सांगीन सर. कुणीतरी वर चढू दे."

"मग दोन माणसं होतात ताई."

कोपऱ्यात उभे असलेले यल्लाप्पा पुढं आले. "साहेब, पायऱ्यांची काळजी करू नका. मी उतार करून देतो. एका दिवसाचं काम हाय. वाळू-सिमेंट तेवढं तुमचं, हात माझा."

"पायऱ्यांचा प्रश्न नाही बाबा," साहेब खाली बघत म्हणाला.

"न्हाय, तरी करून देतो म्हणतोय मी. पोरीला एकदा आत तरी जाऊ दे."

अंजनानं वडिलांचा हात धरला. "आबा, चला."

रिक्षात बसल्यावर त्या सहा पायऱ्यांना किती लांब उतार लागेल, याचा हिशेब ते बोटांवर मांडत राहिले. ती बाहेर बघत राहिली. त्या दिवसानंतर तिनं अर्ज केला नाही. दोन वर्षांनी यल्लाप्पा गेले. दोन हजार सातच्या फेब्रुवारीत प्रमाणपत्राची मुदत संपली, त्या दिवशी बूथमध्ये सकाळपासून तीन माणसं आली होती, आणि त्यातला एकजण सुट्टे मागायला. वर्षअखेरीस तिनं बूथ बंद केला.

पुढं एका खाजगी दवाखान्यात तिला फोन घ्यायचं काम मिळालं. एकदा तिथले सगळे संगणक अडले. बाहेरून आलेला इंजिनियर दोन तास शोधत होता. तो वैतागून शेजारी बसला तेव्हा अंजना हळूच म्हणाली, "नेटवर्कमधल्या दोन यंत्रांना एकच पत्ता दिला गेलाय का बघा. कालच नवीन प्रिंटर बसवलाय."

त्यानं बघितलं. तसंच निघालं. "तुम्हाला कसं कळलं?" त्यानं विचारलं.

"कुठंतरी वाचलं होतं," ती म्हणाली. समोरचा फोन वाजत होता. तिनं तो उचलला आणि दवाखान्याचं नाव सांगितलं.