धाकटीच्या हृदयातलं भोक

गल्लीतली पोरं तिला ‘धाकटी मावशी’ म्हणतात आणि यात हसण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत नाही. वय चाळिशीला टेकलंय, कानामागच्या बटा पांढऱ्या झाल्यात, तरी नाव धाकटीच. दादाच्या पाठची. जन्माला आली ती डाउन सिंड्रोम घेऊन आणि वर हृदयाला एक बारीकसं भोक घेऊन. डाउन सिंड्रोमचं गल्लीला फारसं काही वाटलं नाही. गल्लीत त्याहून अवघड माणसं राहतात. पण भोकाचा दरारा मोठा.

आई तिला तान्हेपणी डॉक्टरकडे घेऊन गेली, भोक आहे एवढं ऐकलं आणि आणखी काही ऐकायला नको म्हणून पुन्हा त्या दाराची पायरी चढली नाही. तेव्हापासून ते भोक घरात जावयासारखं मानानं राहायला लागलं. धाकटीनं पळायचं नाही, उचलायचं नाही, जिना चढायचा नाही. आणि सगळ्यात मोठा कायदा म्हणजे तिला वाईट बातमी सांगायची नाही. हा कायदा गल्लीनं इतका निष्ठेनं पाळला की तेवढ्या निष्ठेनं कुणी पाणीपट्टी भरत नाही. शेजारचा पोपट मांजरानं खाल्ला, तर धाकटीपुरता तो ‘मोठ्या झाडावर राहायला गेला’. मॅच हरलो की ‘बरोबरीत सुटली’. तिच्या शाळेच्या बाई वारल्या, त्यांची ‘बदली झाली’.

पुढे आई गेली, तेव्हा दादानंही कायदा पाळला. “आई मामाकडे गेलीय, आरामाला,” तो म्हणाला आणि फसला. कारण धाकटी रोज संध्याकाळी विचारायची, “आई काय करतेय?” मग दादा चहाचा कप हातात धरून काहीतरी रचायचा. मामाच्या मांजरीला पिल्लं झाली, आई त्यांना दूध घालतेय. पुढच्या आठवड्यात पुन्हा पिल्लं. त्या मांजरीनं एवढी पिल्लं घातली की मामाच्या घरात मामाला पाय ठेवायला जागा उरली नसावी.

धाकटी काही बावळट नव्हती. भोकाची किंमत तिला लवकर कळली. खिडकीजवळची खुर्ची भोकाची, रिमोट भोकाचा, पुड्यातलं शेवटचं बिस्कीट भोकाचं. वहिनीनं भांडी घासायला काढली की धाकटीचा हात छातीवर गेलाच. बरीच वर्षं तो उजव्या बाजूला जायचा. एकदा टीव्हीवर हृदय कुठे असतं ते दाखवलं, तेव्हापासून डाव्या बाजूला जायला लागला. वहिनीच्या नजरेतून हे सुटलं नाही, पण बोलणार कोण?

कोपऱ्यावरच्या लाँड्रीत धाकटी कामाला होती. लाँड्रीवाले काका इस्त्री करायचे, धाकटी घड्या घालून गठ्ठे बांधायची. तिचा सगळा जीव त्या गठ्ठ्यांत. गठ्ठा बांधायचा आपण, आणि तो घरोघर घेऊन जाणार, दार उघडल्यावर आत डोकावणार ते काका! कुणाकडे नवा सोफा आला, कुणाकडे अबोला चाललाय, हे सगळं काका बघणार आणि येऊन सांगणार काय, तर “पैसे दिले.” असा माणूस घरोघर पाठवून काय उपयोग?

मग काकांचे गुडघे धरले.

“धाकटे, मला आता जिने होत नाहीत,” काका म्हणाले. “पोचवायला माणूस ठेवावा लागणार. आणि दुकानात दोन माणसांचं काम नाही गं. तू वर चढत असशील तर प्रश्नच मिटला. नाहीतर...”

नाहीतरच्या पुढचं वाक्य काकांनी गिळलं. ती वाईट बातमी होती ना. पण धाकटीला ती नीट समजली.

“मी चढते,” ती घरी येऊन म्हणाली.

“जिना?” दादा ताडकन उठला. “तुझ्या हृदयाला भोक आहे!”

“माझं आहे ना? मग मी बघते.”

“भोक तुझं असलं तरी जबाबदारी माझी आहे.”

या ओढाताणीत मोठ्या इस्पितळातून निरोप आला. तिथे डाउन सिंड्रोम असलेल्या मोठ्या माणसांच्या तब्येतीवर संशोधन चाललं होतं. हृदय, थायरॉइड, कान, झोप असं सगळं तपासणार होते. यायचं तर सोबत एक सख्खं भावंड हवं, तुलनेसाठी. दादा आनंदानं तयार झाला. एवढी मोठी डॉक्टरमंडळी भोकावर शिक्कामोर्तब करतील, मग कटकट संपेल, असा त्याचा हिशोब. धाकटीही तयार झाली. तिचा हिशोब जिन्याचा होता.

संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी चित्रांचं एक पुस्तक धाकटीपुढे ठेवलं. “तुम्हाला हे सगळं करून घ्यायचंय का? नको वाटलं तर कुठल्याही क्षणी नाही म्हणा.”

तुम्ही! धाकटीनं मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. म्हणजे ‘तुम्ही’ आपणच. ती खुर्चीत ताठ झाली.

“हो, तिची तयारी आहे,” दादा म्हणाला.

“मी त्यांना विचारतेय.”

“तिला रात्री झोप नीट लागते,” दादानं न विचारलेलं उत्तर दिलं.

“तुम्हाला लागते का?”

“मला कशाला विचारता? मी ठणठणीत आहे. मी फक्त तुलनेला आलोय.”

तपासण्या सुरू झाल्या. धाकटीच्या छातीवर गार जेल लावून यंत्र फिरवलं, तशी ती खिदळायला लागली. पडद्यावर तिचं हृदय उघडझाप करत होतं. “किती काम करतं हो बिचारं,” ती म्हणाली, “सुट्टी नाही?” मग दोघांना शेजारशेजारच्या चालत्या पट्ट्यांवर उभं केलं. धाकटी दुकानातून घरी निघाल्यासारखी चालायला लागली, वाटेत कोण भेटलं असतं त्याच्याबद्दल बोलत. दादा सुरुवातीला तिला “हळू, हळू” सांगत होता. मग नुसतं “ह... ह...” ऐकू यायला लागलं. त्याचा चेहरा लालबुंद, शर्ट पाठीला चिकटलेला. डॉक्टरीणबाईंनी त्याचा पट्टा थांबवला आणि त्याच्या दंडाला प्रेशर मोजायची पट्टी बांधली. एकदा फुगवली, दुसऱ्यांदा फुगवली, मग दुसरी पट्टी मागवली.

दादाला बाजूच्या खोलीत झोपवलं आणि बाई धाकटीपाशी येऊन बसल्या.

“तुमच्या हृदयात भोक नाही. लहान असताना होतं, आपलं आपण बुजलंय. अशी बारीक भोकं बऱ्याचदा बुजतात. केव्हाच बुजलं असेल. गेल्या कित्येक वर्षांत कुणी पाहिलंच नाही.”

 धाकटीच्या डोळ्यांपुढून जिने गेले, गठ्ठे गेले, दारं उघडली. त्यांच्यामागोमाग वहिनीची भांडी आली.

“सगळं बुजलं?”

“सगळं.”

“थोडंसुद्धा नाही उरलं?”

“नाही.”

धाकटी पुढे वाकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “असं लिहा ना, जिन्यापुरतं बुजलंय. भांड्यांपुरतं थोडं आहे.”

बाईंना हसू आवरेना. “असं नाही लिहिता येत हो. पण ही तुमची तब्येत आहे. कुणाला सांगायचं ते तुम्ही ठरवा. तुमच्या भावाचं मात्र मला बोलावं लागेल. त्यांचं प्रेशर फार वाढलंय. गोळी लागेल, मीठ कमी करायचं, रोज चालायचं.”

“आणि माझं प्रेशर?”

“उत्तम. डाउन सिंड्रोम असलेल्या लोकांचं प्रेशर बरेचदा कमीच असतं. असं का, तेच तर शोधतोय आम्ही.”

“दादा डोक्याला ताप करून घेतो, मी नाही घेत,” धाकटीनं संशोधनात आपली भर घातली.

परतताना तिनं दोन घोड्यांवर बसायचं ठरवलं. काकांना खरं सांगायचं, घरी अळीमिळी गुपचिळी. काकांना तिनं कानात सांगितलं, पण काका आनंदानं “बुजलं?” असं ओरडले आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांनी ते ऐकलं. धाकटी घरी पोचेपर्यंत वहिनी दारात उभी, हातात घासणी. “या! बुजलं म्हणे?”

दादा सोफ्यावर बसला होता, मीठ काढून घेतलेल्या माणसासारखा. “म्हणजे एवढी वर्षं मी...” तो एवढंच म्हणाला. ज्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं ते केव्हाच बुजलं होतं. आता जपायचं कशाला? आणि भोक नाही, म्हणजे कायदाही नाही. मामाच्या मांजरीचं काय करायचं?

सकाळी धाकटी गठ्ठे घेऊन निघाली. दादाही निघाला, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून. त्यानं गठ्ठा मागितला. “तुला झेपणार नाही,” धाकटी म्हणाली. पहिल्या जिन्यालाच त्याला धाप लागली. दुसऱ्या वळणावर तो पायरीवर बसला. धाकटीनंही गठ्ठे मांडीवर घेऊन बैठक मारली. दादा कठड्याकडे बघत राहिला.

“धाकटे, आई ना... मामाकडे नाहीये.”

“माहितेय.”

दादानं मान वळवली. “काय माहितेय?”

“आई मेली. चष्मा घरात ठेवून आई कुठे जाते का रे? मी माझ्या ट्रंकेत ठेवलाय तो. कुणी बसलं असतं त्याच्यावर.”

“मग रोज विचारायचीस कशाला?”

“तू छान सांगायचास,” धाकटी म्हणाली. “आणि सांगताना तुझा चेहरा जरा बरा व्हायचा. पण त्या मांजरीला फार पिल्लं झाली रे. मला वाटलं, आता तरी थांबवेल हा.”

दादा हसायला लागला. हसता हसता त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. मग पुन्हा हसला.

“आणि पोपट?” त्यानं विचारलं.

“पिसं मीच झाडली होती.”

ती उठली, परकर झटकला आणि दादाला मागे घेऊन वर जाऊन दाराची घंटा दाबली. दार उघडणाऱ्या बाईंनी धाकटीला गठ्ठ्यासकट पाहिलं आणि त्यांचा हात तोंडावर गेला. “अगंबाई! तू जिना चढून आलीस? ये, ये, आधी आत येऊन खुर्चीत बस!”

धाकटीची नजर आत गेली. सोफा नवा होता. तेवढा बघून घेऊन तिनं मागे वळून दादाला दंडाला धरून पुढे केलं.

“मला नको. याला बसवा, खिडकीजवळ,” ती म्हणाली. “प्रेशर आहे याला. काही वाईट सांगू नका.”