सत्तर अंशांवरचा शुक्र

आमच्या कचेरीत त्यांना सगळे अंशबाई म्हणायचे. खरं नाव पगारपत्रकात होतं, आणि ते तिथेच राहिलं. आम्ही कॅलेंडर छापतो. त्यात बाईंचं काम एकच: महिन्याच्या ठरावीक तारखांना सूर्य किती अंशांवर आणि ग्रह किती अंशांवर ते कोष्टकांतून काढायचं आणि एकातून दुसरं वजा करायचं. ग्रह सूर्याच्या पुढे निघाला तर संध्याकाळी दिसणार, मागे राहिला तर पहाटे. फार जवळ आला तर उजेडात बुडाला, दिसायचाच नाही. एकतीस वर्षं बाईंनी ही वजाबाकी केली. मी समोरच्या टेबलावर बसून ती पानं टाइप करायचो.

तीन वर्षांपूर्वी कचेरीत संगणकाचा प्रोग्राम आला. बटण दाबलं की वर्षभराचे ग्रह बाहेर. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "बाईंची चार वर्षं राहिलीत. त्यांची पानं येऊ देत, तू टाइप कर आणि कपाटात ठेव. उगाच मन कशाला मोडायचं?" मी मान डोलावली. मान डोलवायला माझं काय जातं!

तेव्हापासून पानं हिरव्या कपाटात जायला लागली. सुरुवातीला वाईट वाटायचं, मग तेही वाटेनासं झालं. बाई दहाला यायच्या, चष्मा पुसायच्या, पेन्सिलीला टोक काढायच्या. महिनाअखेरीला पान माझ्या टेबलावर. मी डोळे झाकून टाइप करायचो.

या जानेवारीत डबा खाताना त्या म्हणाल्या, "काल भावजय विचारत होती, ताई, हल्ली हे सगळं मशीन करतं ना? मग तुम्ही दिवसभर करता काय?"

"मग काय सांगितलंत?"

"काही नाही. तिचं तरी काय चुकलं?"

मी विषय बदलला. विषय बदलण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

ऑगस्टचं पान टाइप करताना सातची कळ अडकली. नखाने उचकटली, दाबली, पुन्हा अडकली. त्या खटपटीत आकड्याकडे लक्ष गेलं. शुक्र, सूर्यापासून सत्तर अंश. नोकरीला लागलो तेव्हा बाईंनी मला एकच गोष्ट शिकवली होती, आणि माझ्या घराचा नंबर सत्तेचाळीस म्हणून ती डोक्यात राहिली. शुक्र सत्तेचाळीसच्या पुढे फारसा जातच नाही. आईचं बोट धरलेल्या पोरासारखा सूर्याच्या आसपासच असतो.

बाईंचं डोकं चालेनासं झालं की काय? सांगावं तर त्या खचतील. न सांगितलं तर बिघडणार काय होतं? पान कपाटातच जायचं होतं. शेवटी पान उचललं आणि उठलो.

"बाई, हा शुक्र जरा बघता का? सत्तर झालाय."

त्यांनी पान घेतलं नाही. माझ्याकडेच बघत राहिल्या.

"वाचलंस?"

"दर महिन्याला वाचतो की, बाई. साहेबही वाचतात."

थाप मारताना माझा आवाज जराही हलला नाही. बाईंनी मग पान घेतलं, सत्तर खोडलं, चव्वेचाळीस लिहिलं.

"जानेवारीपासूनची पानं काढ," त्या म्हणाल्या.

मी कपाट उघडलं. जानेवारी, एकोणपन्नास. फेब्रुवारी, बावन्न. मार्च, पंचावन्न. जुलैपर्यंत तो तसाच चढत गेला होता. सगळी पानं माझ्या हातची, सुबक, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. अशी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"पहिल्यांदा दोनच अंश पुढे ढकलला," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "कोणी बोललं नाही. म्हटलं, एवढ्याने लक्षात येत नसेल. मग दर महिन्याला थोडा थोडा लांब नेला. अजून किती लांब न्यायचा होता रे?"

बाईंनी सप्टेंबरचं कोरं पान समोर ओढलं. सूर्याचे अंश लिहिले, खाली शुक्राचे लिहिले, त्याखाली पट्टीने रेघ मारली. मग पेन्सिल डबीत ठेवली आणि पाच वाजेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसल्या. वजाबाकी केली नाही.