आमच्याकडे काढा चालत नाही

पाऊस ओसरून हवा फिरली की आमच्या हैदराबादच्या नारायणगुड्यातल्या बिल्डिंगमध्ये मजल्यामजल्यावर खोकला सुरू होतो. लिफ्टमध्ये कोणी शिंकतं, जिन्यात कोणी खाकरतं आणि बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उपायांचा नुसता पूर येतो. हळदीचं दूध घ्या, आवळा खा, लसूण मधात बुडवून चघळा, कोवळ्या उन्हात बसा. प्रतिकारशक्ती वाढवा, नैसर्गिकरीत्या वाढवा, आजपासूनच वाढवा. मी तो ग्रुप म्यूट करून टाकलाय. कारण आमच्या घरी ती वाढवायची नसते, दाबून ठेवायची असते. आणि हे लोकांना समजावता समजावता माझ्या तोंडाला फेस येतो.

तसं बघितलं तर गोष्ट साधी आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि त्याच्या आईनं आपली एक त्याला दिली. शरीराला मात्र ती आईची आहे वगैरे काही कळत नाही. कुणीतरी परकं घुसलंय असं समजून ते तिच्यावर तुटून पडतं. म्हणून त्यानं जन्मभर गोळ्या घ्यायच्या, अंगातली प्रतिकारशक्ती अर्धवट झोपेत राहावी यासाठी. मी लोकांना सांगते, घरात पाहुणा असला की आपण कुत्रा बांधून ठेवतो ना, तसं. आमचा पाहुणा कायमचा राहायला आलाय, म्हणून कुत्राही कायमचा बांधलेला. चोर आला तरी बांधलेलाच. तेव्हा या फ्लूच्या दिवसांत भुंकायचं काम माझ्याकडे असतं.

लोक हे ऐकून मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी काढा घेऊन दारात उभे राहतात.

खालच्या मजल्यावरच्या तेलुगू काकू कषायम आणतात, म्हणजे मिरी-सुंठ घातलेला काढाच. झाकण लावलेला स्टीलचा डबा, वर रुमाल बांधलेला. "सर के लिए, गरम गरम." बेगम बाजारात मी हळकुंडं घ्यायला गेले तर दुकानदार चाचा आग्रहानं जोशांद्याची, म्हणजे युनानी काढ्याची, पुडी पिशवीत टाकतो. पैसे नक्को म्हणतो वर. पुण्याहून माझी बहीण च्यवनप्राशचे डबे पाठवते. सगळे प्रेमानं करतात, तोच तर ताप आहे. कुणी वाईट बुद्धीनं आणलं असतं तर तोंडावर दार लावता आलं असतं. मी दारात उभी राहून एकच वाक्य म्हणते, "आमच्याकडे चालत नाही हो." डबा परत जाताना समोरच्याचा चेहरा पडतो, आणि तो पडलेला चेहराही मीच बघायचा.

बाकीचंही माझ्याच गळ्यात. चपला बाहेर, हात आधी साबणानं, बाहेरून आलात तर कपडे बदला, मग घरात टेका. कापलेली फळं नाहीत, लग्नाची जेवणं नाहीत, कामवाल्या बाई खोकल्या की त्यांना भरपगारी सुट्टी आणि भांडी मी घासायची. साबणानं माझ्या बोटांना चिरा पडल्यात. त्यात ऑफिसचं काम घरून. घरून काम म्हणजे काय, तर दोन्हीकडच्या शिव्या एकाच खुर्चीत बसून खायच्या.

आमच्या डॉक्टरीणबाई फार गोड आहेत. दर वर्षी नवऱ्याला, सासूबाईंना आणि मला, तिघांनाही फ्लूची लस टोचून घ्यायला लावतात आणि मला म्हणतात, "यांची प्रतिकारशक्ती आपण वाढवू शकत नाही. त्यांच्याभोवतीच्या माणसांनी धडधाकट राहायचं. तुम्ही वेळेवर जेवा, पुरेसं झोपा, रोज थोडं उन्हात चाला." मी हो हो म्हणते. पुरेसं झोपा! ते काय बेगम बाजारात पुडीत मिळतं का?

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं. आमच्या आई मूळच्या परभणीकडच्या, शेतकऱ्याघरच्या. लग्न होऊन हैदराबादला आल्या त्याला आता पन्नासाच्या वर वर्षं झाली. मराठीत त्यांच्या इथली दखनी उर्दू अशी काही मिसळलीय की माझी पुण्याची मंडळी फोन ठेवून आधी हसतात, मग अर्थ विचारतात. किडनी द्यायची वेळ आली तेव्हा डॉक्टर वयाकडे बघून कचरत होते. या बाई तपासण्यांना अशा गेल्या की जसं भाजी आणायला निघाल्यात. सगळं जुळलं तेव्हा म्हणाल्या, "जुळणारच की. मीच तर घडवलाय त्याला." त्यानंतर त्यांच्याशी भांडायची माझी हिंमत जरा कमीच झाली. जरा, म्हणजे फार नाही.

गेल्या फ्लूच्या दिवसांत नेहमीची रक्ततपासणी झाली आणि क्रिएटिनिनचा आकडा वर गेलेला दिसला. हा आकडा आमच्या घरात देवासारखा असतो. तो वर गेला की किडनी दमतेय, इतकं मला कळतं. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट परत परत बघितला. गोळी चुकली का? नाही. ताप, जुलाब? नाही. "काही आयुर्वेदिक, काही काढा, घरगुती औषध?"

मी जवळजवळ हसलेच. म्हटलं, "डॉक्टर, आमच्या घरात? मी आख्ख्या बिल्डिंगशी वाईटपणा घेतलाय त्यापायी."

नवरा खाली बघत होता. मला वाटलं, घाबरलाय.

लगेच ॲडमिट व्हायला सांगितलं. कपडे घ्यायला म्हणून मी घरी आले, तो गाडीतच बसून राहिला. आई दारातच उभ्या होत्या. त्यांना आकडा सांगितला, आणि बॅग भरता भरता मी आपली तणतणत होते, की विचारतात काय तर म्हणे काढा देता का, आपल्याला विचारतात! टॉवेल घ्यायला वळले तर आई भिंत धरून हळूहळू खाली बसत होत्या.

"मी देत होते," त्या म्हणाल्या.

"काय देत होतात?"

"गुळवेल. मागच्या लिंबावरची. सकाळी तू मीटिंगला बसलीस की."

आमच्या बिल्डिंगच्या मागे कडुलिंबाचं झाड आहे, त्यावर गुळवेल चढलीय. कडुलिंबावरची म्हणजे औषधाला सगळ्यात चांगली, असं आईंकडूनच मी कितीदा ऐकलं होतं. मी आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसायची, तेवढ्यात या बाल्कनीत त्याला पेला नेऊन द्यायच्या. आणि मग मला एकदम गूळ आठवला. हा माणूस सकाळी सकाळी गुळाचा खडा तोंडात टाकायला लागला होता. त्या गोळ्यांनी साखर वाढते म्हणून मी त्याच्यावर किती ओरडले होते! पण गूळ लागतो कशाला, एवढं कडू काय खाल्लंस सकाळी, हे विचारायचं काही सुचलं नाही मला.

त्या दिवशी मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. खूप बोलले. हातातले टॉवेल बॅगेत न जाता खाली पडत होते. मी म्हटलं, आई, मी शंभरदा सांगितलं होतं ना, अहो शंभरदा!

"सांगितलं होतंस," त्या म्हणाल्या. "पण लेकराची ताकद झोपवून ठेवायची, हे काही मनाला पटंना. समदी दुनिया खोकायली, म्हणलं ह्याला कशाच्या जोरावर सोडू? आणि ती किडनी माझीच आहे ना गं. तिला माझ्या हातचं कसं बाधंल?"

मी बॅगेची चेन लावली आणि निघाले.

गाडीत बसल्यावर त्याच्याकडेही वळले. तू शिकलेला माणूस, तुला कळत नव्हतं? कळत होतं, म्हणाला. मग घ्यायचास कशाला? सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाला, "तिनं मला किडनी दिली. पेलाभर काढ्याला नाही कसं म्हणू?"

सुईनं किडनीचा तुकडा काढून तपासला. शरीरानं हल्ला सुरू केलाच होता. सलाईनमधून स्टेरॉइडचे जबरदस्त डोस सुरू झाले. किडनी वाचेल का, असं मी विचारलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बघू. हे गुळवेलीमुळेच झालं का, असंही विचारलं. त्या म्हणाल्या, खात्रीनं सांगता येणार नाही, पण यांना तसलं काहीही द्यायचं नाही, हे तर मी आधीच सांगितलं होतं. हे मी आईंना फोनवर जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी पहिलं अर्धं तेवढं ऐकून फोन ठेवला असता तर बरं झालं असतं, पण त्यांनी सगळं ऐकलं.

ते दिवस कसे गेले ते नीटसं आठवत नाही. हॉस्पिटलची खुर्ची, कँटीनची इडली, मांडीवर लॅपटॉप. रोज सकाळी आकडा यायचा आणि त्याच्याकडे बघायच्या आधी मी डोळे मिटून घ्यायची. मला भीती वाटत होती, साधी सरळ भीती. ही गेली तर पुन्हा डायलिसिस. आणि आईंकडे द्यायला आता दुसरी नव्हती.

आकडा हळूहळू उतरला. पहिल्या जागी आला नाही, पण निभेल इतका आला. आम्ही घरी आलो. आणि बघते तर आईंनी गॅसजवळ जाणंच सोडलं होतं. चहासुद्धा करायच्या नाहीत. पोळ्या लाटायच्या नाहीत, त्याला पाण्याचा तांब्या द्यायचा असला तरी मला हाक मारायच्या, "तूच दे गं." खिचडीत हिंग घातलेला चालतो का, म्हणून त्याच्याच ताटाकडे बघत बसायच्या. मला राग धरायचा होता, पण त्यालाही अंगात जोर लागतो. मी ऑफिस करायची, स्वयंपाक करायची, गोळ्या काढून द्यायची आणि ताटावर बसल्या बसल्या पेंगायची. कशी आहेस असं कुणी विचारलंच नाही, आणि विचारलं असतं तर मी चिडलेच असते.

मग एके दुपारी मला शिंक आली. पाठोपाठ दुसरी. घसा दुखायला लागला आणि अंग भरून आलं. लस घेतलेली, मास्क लावलेला, चपला बाहेर, हात धुऊन धुऊन सालं निघालेली, आणि आणला कुणी घरात फ्लू, तर मीच! मला रडूच कोसळलं. मी तशीच उठले, पांघरूण आणि फोन घेतला, मागच्या खोलीत शिरून दार आतून लावून घेतलं. आतूनच ओरडले, "कुणी इकडे येऊ नका! त्याला पुढच्या खोलीत बसवा, खिडक्या उघडा!" डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी त्या दोघांसाठी काय ते सांगितलं आणि मला म्हणाल्या, "तुम्ही झोपा." यावेळी मात्र मी खरंच ऐकलं. अशी झोपले की मध्ये कूस बदललेलीही आठवत नाही.

जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं आणि दाराबाहेर काहीतरी खुडबुडत होतं.

"जागी हायेस का गं?" आईंचा आवाज. मास्कमधून येत असावा, दबका होता.

"आई, लांब व्हा आधी. तुम्हाला झालं म्हणजे? तुमचीही किडनी एकच आहे."

"लांबच उभी हाये. दार नक्को उघडू. एक विचारायचं होतं."

"काय?"

मग म्हणाल्या, "तुला आलं चालतं का?"

मला आधी कळेचना. डोकं जड होतं. म्हटलं, "मला? हो, चालतं."

"आन् तुळस?"

"चालते."

"गवती चहा? मिरी जराशी? गूळ घालू का मध?"

या घरात इतकी वर्षं कुणीही काहीही आणलं की चालत नाही, चालत नाही म्हणत मीच दारात उभी राहिले होते. मला काय चालतं, हे कुणी विचारलं नव्हतं. मी स्वतःही विचारलं नव्हतं. दाराला टेकून मी खाली बसले आणि नाक पुसत राहिले. बाहेर आई उत्तराची वाट बघत होत्या. माझ्या होकाराशिवाय त्या गॅस पेटवणार नव्हत्या.

"सांग की. भ्याव वाटायलंय मला," त्या म्हणाल्या.

"सगळं चालतं, आई," मी म्हटलं. "मला सगळं चालतं. भरपूर करा."

त्यांच्या घरातल्या सपाता फरशीवर घासत स्वयंपाकघराकडे गेल्या. थोड्या वेळानं लायटरचा आवाज आला.