प्लसची जाड काच

आमच्या घरात जी मासे साफ करते, तीच ताटं वाढते. कोणाला डोकं, कोणाला शेपटी, हे तीच ठरवते. माझ्या सासूनंतर हा मान माझा होता.

मे महिन्यात मुंबईहून नणंदेचा जावई आला. त्याला कालवणातल्या सुंगटात, म्हणजे कोळंबीत, पाठीतला काळा दोरा तसाच राहिलेला सापडला. सुंगटं मीच सोलली होती. धाकट्या जावेने सगळ्यांसमोर माझ्या हातातली पळी काढून घेतली. "वयनी, तुमका आता दिसणा नाय. तुमी भायर बसा."

समुद्रातली होडी कोणाची ते मी ओट्यावरून सांगत असे. हातातलं सुंगट तेवढं दिसत नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या ताटात शेपटी येऊ लागली. नाहीतर नुसता रस्सा.

मी मालवणला चष्म्याच्या दुकानात गेले. डोळे तपासून दुकानदार म्हणाला, "आजी, प्लस नंबर आहे, मोठा आहे. ही काच मधे जाड असते. लहान फ्रेम आणि पातळ काच घ्या. नाहीतर बघणाऱ्याला तुमचे डोळे फार मोठे दिसतील."

"किती मोठे?"

"भिंगाखाली धरल्यासारखे."

"मग जाडच द्या. आणि फ्रेम ती, वरच्या खणातली मोठी."

"नाकावर वळ उठतील."

"उठूंदेत."

चष्मा आला त्या दिवशी जाऊ सुंगटं सोलायला बसली. मी पाट घेऊन तिच्या समोर बसले. तिच्या बोटांकडे बघत राहिले.

"असा काय बघतास, वयनी? भिया वाटता."

"तू सोल गो."

ती घाई करू लागली. तिने सोलून बाजूला ठेवलेल्या सुंगटांतलं एक मी उचललं, अंगठ्याच्या नखाने काळा दोरा ओढून काढला आणि तिच्या मनगटावर ठेवला. मग दुसरं उचललं. त्यातही दोरा होता. तिसऱ्याला तिने स्वतःच टोपली माझ्याकडे ढकलली आणि उठली.

दुपारी पळी माझ्या हातात होती. सगळे पंगतीला बसले होते. जावेच्या ताटात मी रस्सा वाढला आणि वर कोकमाचं एक सोल टाकलं.

ती ताटात बघत राहिली. "वयनी, सुंगटा खंय?"

मी चष्मा नाकावर वर सरकवला. "नीट बघ. तुका दिसणत नाय?"

आणि पुढच्या ताटाकडे वळले.